उघडे दार : परक्या भूमीत शेतकऱ्याच्या घरी नांदावयास गेलेल्या लेकींची कथा

(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवात भगिनीवर्गापुढे झालेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या दिवसांत मागील पिढ्यांचे स्मरण करावे, देवाचे उपकार मानावे आणि पुढील वाटचालीचा विचार करावा, अशी आपली रीत आहे. देऊळ कोणी बांधले, घंटा कोणी दिली, शाळेचा पाया कोणी घातला, ह्यांची नावे आपण आदराने घेतो, आणि ते योग्यच आहे. परंतु देवळाच्या भिंती जशा दगडचुन्याच्या, तसा धर्मग्राम घराघरांचा. आणि घर म्हटले की त्याच्या पायाशी बहुधा परगावाहून आलेली एक मुलगी उभी असते. म्हणून आज आम्ही तिच्याविषयीच बोलावयाचे योजिले आहे. आपले गाव, आपली माणसे, कधी आपला देशही मागे टाकून जी शेतकऱ्याच्या घरी नांदावयास जाते, ती त्या नव्या भूमीत रुजते कशी? आणि ती रुजावी म्हणून त्या भूमीवरच्या लोकांनी काय केले पाहिजे? हा आमचा विषय होय.

पवित्र शास्त्रात ह्या विषयाचा एक सुंदर दाखला आहे. मवाब देशाची रूथ विधवा झाली आणि आपली सासू नामी हिच्या पाठोपाठ बेथलेहेमास आली. देश परका, लोक परके, जवळ अन्न नाही. सातूच्या कापणीचे दिवस होते. ती शेतात कापणाऱ्यांच्या मागून सरवा वेचू लागली, आणि पुढे त्याच शेताचा धनी बवाज ह्याच्याशी तिचा विवाह झाला. रूथेने सासूस दिलेले वचन जगभर प्रसिद्ध आहे आणि तिच्या निष्ठेवर असंख्य प्रवचने झाली आहेत. परंतु एका गोष्टीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. शेताच्या कडेचे पीक कापू नये, पडलेली कणसे वेचू नयेत, ती गरिबांसाठी आणि परदेशीयांसाठी राहू द्यावी, असा नियम लेवीयाच्या ग्रंथात रूथेच्या आधीच सांगितलेला होता. बवाजाने तर आपल्या गड्यांस मुद्दाम पेंढ्यांतून काही कणसे तिच्यासाठी टाकावयास सांगितले. म्हणजे रूथ बेथलेहेमात टिकली ती केवळ आपल्या धैर्यावर नव्हे. तिच्यासारखीसाठी शेताची कड आधीच राखून ठेवलेली होती.

नव्या घरी रुळणे हे एकट्या सुनेचे कर्तव्य आहे असे आपण समजतो, आणि सारा उपदेश तिलाच करतो. आमचे म्हणणे असे की, अर्धे कर्तव्य तिचे आहे आणि अर्धे तिला घेणाऱ्यांचे. हे म्हणणे केवळ तर्काने न मांडता इतिहासातील एका खऱ्या हकीकतीच्या आधारे आपणांपुढे ठेवावे, असा आमचा विचार आहे. ही हकीकत सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कॅनडातील असून तिच्या केंद्रस्थानी पवित्र ख्रिस्तसभेने संतपद दिलेली एक स्त्री आहे.

सतराव्या शतकात कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीच्या काठी फ्रेंच लोकांनी वसाहत केली होती. तिला नवा फ्रान्स म्हणत. इ.स. १६६३ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई ह्याने ती वसाहत थेट आपल्या सत्तेखाली घेतली. तेथे जंगल अफाट, नदी विशाल, परंतु वस्ती अगदी विरळ. इ.स. १६६६ मध्ये झालेल्या शिरगणतीत सर्व मिळून ३,२१५ फ्रेंच माणसे भरली; त्यांत पुरुष २,०३४ आणि स्त्रिया १,१८१. जमीन तोडावयास पुरुष होते, पण घर मांडावयास स्त्रिया नव्हत्या. घर नाही तेथे शेतकरी टिकत नाही. तो आपली मुदत संपली की मायदेशी परततो, अथवा जंगलात कातडी विकत घेण्याच्या धंद्यास लागतो. म्हणून राजाने व त्याचा मंत्री कोल्बेर ह्याने विवाहेच्छु मुलींस सरकारी खर्चाने तिकडे पाठविण्याचा क्रम सुरू केला. इ.स. १६६३ पासून १६७३ पर्यंत अशा सुमारे ७७० मुली व तरुण विधवा समुद्र ओलांडून गेल्या. इतिहासात त्यांना "राजाच्या लेकी" असे म्हणतात.

नाव राजेशाही खरे. परंतु ह्या मुली राजघराण्यातील नव्हत्या. निम्म्याहून अधिकींचे पितृछत्र हरपलेले होते. सुमारे एक तृतीयांश मुली पॅरिस येथील साल्पेत्रियेर नावाच्या अनाथ व निराश्रित स्त्रियांच्या आश्रमातून आल्या होत्या. इतर कोणी नॉर्मंडीच्या, कोणी पश्चिमेकडील किनारप्रांतांच्या. प्रत्येकीस सामानाची एक छोटी पेटी मिळे. तीत एक टोपी, तफेत्याचा रुमाल, मोज्यांचा जोड, हातमोजे, फणी, पांढरा दोरा, शंभर सुया, हजार टाचण्या, कात्री, दोन सुऱ्या आणि थोडी नाणी असत. ह्या यादीवरून पाठविणाऱ्याचे मन कळते. सुई, दोरा, कात्री हे संसाराचे साहित्य त्याने आठवणीने दिले. परंतु जंगल तोडून केलेल्या शेतात संसार कसा करावा, ही विद्या काही पेटीत घालता येत नाही.

प्रवास दोन महिन्यांचा, कधी तीन महिन्यांचाही. जहाजात दाटी, पाणी शिळे, रोगराई मोठी. कित्येक वाटेतच देवाघरी गेल्या. ज्या किनाऱ्यास लागल्या त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राही तो विवाहाचा, आणि सरकारला तर त्याची मोठी घाई होती. तेथील राजप्रतिनिधी जाँ तालाँ ह्याने पुढे असा हुकूम काढला की, जहाजे आल्यापासून १५ दिवसांच्या आत जे अविवाहित पुरुष लग्न करणार नाहीत त्यांस शिकार, मासेमारी व कातड्यांचा व्यापार ह्यांची मनाई व्हावी. ज्या कुटुंबात दहा मुले जिवंत असतील त्यास वर्षाला ३०० लिव्र आणि बारा असतील त्यास ४०० लिव्र देण्याचेही राजाने ठरविले. सरकारच्या वहीत मुलगी ही एक संख्या होती. वस्ती वाढविण्याचे ते एक साधन होते. हे आम्ही कोणास दोष द्यावा म्हणून सांगत नाही. परंतु मनुष्य साधन झाला की त्याच्या सुखदुःखाचा हिशेब कोणी ठेवीत नाही, हे सर्व काळांचे सत्य आहे.

सुदैवाने तेथे ख्रिस्तसभा होती, आणि तिच्या हाती असलेली एक गोष्ट सरकारच्या घाईहून बलवान ठरली. स्त्रीच्या मुक्त संमतीवाचून विवाह होत नाही, ही ती गोष्ट. ह्या मुलींस वर नाकारण्याचा अधिकार होता आणि त्यांनी तो वापरला. नोटरीपुढे झालेला विवाहाचा करार धर्मविधीच्या आधी मोडता येई, आणि तसे कित्येक करार मोडल्याची नोंद आजही सापडते. क्वेबेक येथील उर्सुलाइन मठाच्या संस्थापिका संत मारी द लँकार्नास्यों ह्या स्वतः फ्रान्समधून आलेल्या होत्या. त्यांनी आपल्या पत्रांत लिहून ठेविले आहे की, ह्या मुली पुरुषास पहिला प्रश्न विचारीत तो असा की, त्याने घर बांधले आहे काय? कारण ज्याचे बिऱ्हाड अजून मांडलेले नाही त्याच्या बायकोस सुखाचे दिवस दिसण्यापूर्वी फार सोसावे लागते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. रूपाआधी आणि गोड बोलण्याआधी छप्पर विचारणारी मुलगी व्यवहारी आहे असे कोणी म्हणेल. आम्ही तिला शहाणी म्हणतो.

प्रश्न विचारावयास वेळ लागतो, आणि वेळ मिळावयास राहण्याची जागा लागते. परक्या बंदरावर उतरलेल्या अनाथ मुलीस आज रात्री कोठे निजावे हेच ठाऊक नसेल, तर ती समोर येईल त्या वरास होकार देईल. तिचा होकार मुक्त राहावा म्हणून कोणी तरी तिला छप्पर द्यावयास हवे होते. क्वेबेक येथे बूर्दों ह्यांच्या पत्नी आन गान्ये ह्यांनी हे काम अंगावर घेतले, इ.स. १६६९ मध्ये दीडशे मुलींच्या मेळ्याबरोबर त्या स्वतः जहाजातून आल्या, आणि पुष्कळ मुलींच्या विवाहकरारांवर आईच्या जागी साक्षीदार म्हणून उभ्या राहिल्या. नदीने पुष्कळ वर गेल्यावर व्हील-मारी म्हणजे मरियेची नगरी हे गाव लागे. तेच आजचे माँट्रिआल. तेथे हे काम संत मार्गरीत बुर्ज्वा ह्यांनी केले.

मार्गरीत बुर्ज्वा ह्यांचा जन्म इ.स. १६२० मध्ये फ्रान्समधील त्रुआ नगरीत झाला. इ.स. १६५३ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, त्या व्हील-मारीस आल्या. येताना जहाजात साथ पसरली तेव्हा त्यांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली. इ.स. १६५८ मध्ये एका रिकाम्या दगडी गोठ्यात त्यांनी गावची पहिली शाळा उघडली. नाताळाच्या गोठ्याशी आपली ओळख असल्यामुळे ह्याचे आपणांस नवल वाटू नये. पुढे त्यांनी धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. त्या काळी धर्मभगिनींनी मठाच्या भिंतींआड राहावे असा प्रघात होता. परंतु मार्गरीतबाईंनी आपल्या भगिनींस लोकांत हिंडते राहण्यास शिकविले. त्यांचा आदर्श होता धन्य कुमारी मरिया, जी डोंगराळ प्रदेशातून वाट तुडवीत आपली नातलग एलिझाबेथ हिच्या मदतीस गेली.

राजाच्या लेकी व्हील-मारीस येऊ लागल्या तेव्हा मार्गरीतबाई त्यांना घ्यावयास स्वतः नदीकाठी गेल्या. मुलींची सोय व्हावी म्हणून त्यांनी एक लहानसे घर घेतले, आणि त्यांना तेथे ठेवून आपण निराळ्या राहिल्या नाहीत. त्यांच्यातच जाऊन राहिल्या. ह्या मुलींतून कुटुंबे उभी राहावयाची आहेत, म्हणून आपण त्यांच्याबरोबर राहिले पाहिजे, हा त्यांचा विचार त्यांच्या लेखनात आढळतो. धन्य मरियेच्या घराचे दार सर्व मुलींस उघडे असले पाहिजे, असेही त्यांचे मत होते. "राजाच्या लेकी" हे नावही प्रथम त्यांच्याच लेखनात येते. ज्यांना इतर कोणी अनाथ म्हणाले असते, त्यांना त्यांनी लेकी म्हटले. इ.स. १६६८ मध्ये त्यांनी गावाबाहेर एक शेत व घर विकत घेतले. त्याच्या उत्पन्नावर त्यांच्या संघाचे पोट चाले. जुने घर १६९३ मध्ये जळाले, ते १६९८ मध्ये पुन्हा बांधले. आज ते सेंट गॅब्रिएलचे घर म्हणून ओळखले जाते, आणि राजाच्या लेकींची स्मृती जतन करणारे संग्रहालय तेथे आहे.

आता लग्न झाल्यावर त्या मुलींपुढे काय वाढून ठेविले होते ते पाहू. सेंट लॉरेन्सच्या काठची शेते म्हणजे लांब, अरुंद पट्ट्या होत्या. एक तोंड नदीवर, दुसरे जंगलात. पुष्कळ ठिकाणी रुंदी पावणेदोनशे मीटरच्या आसपास आणि लांबी तिच्या दसपट असे. त्यातली बहुतेक जमीन अजून झाडांखाली. वर्षभर कुऱ्हाड चालवून एका माणसाच्या हातून एक-दोन एकरांहून अधिक जमीन मोकळी होत नसे. नवरा पुष्कळदा सैन्यातून आलेला असे, इ.स. १६६५ मध्ये वसाहतीच्या रक्षणार्थ आलेल्या कारिन्याँ-सालिएर पलटणीतील सुमारे ४०० शिपाई तेथेच जमीन घेऊन राहिले. म्हणजे कित्येक घरी बायको शेतीत नवखी आणि नवराही नवखाच. संत मारी द लँकार्नास्यों ह्यांनी इ.स. १६६८ मध्ये लिहिले की, ज्या मुली लहानपणापासून कष्टांत वाढल्या नाहीत त्या ह्या देशास उपयोगी पडत नाहीत, ह्यापुढे खेड्यातल्याच मुली मागवाव्यात. शहरातील मुलींस किती जड गेले असेल ते ह्यावरून समजावे.

पहिली परीक्षा हिवाळ्याची. कार्तिक-मार्गशीर्षात नदी गोठे आणि वैशाखाच्या सुमारास मोकळी होई. मधल्या पाच-सहा महिन्यांत जहाज नाही, म्हणून मायदेशाचे पत्र नाही. कित्येक रात्री थंडी शून्याखाली २० अंशांपलीकडे जाई. अशा देशात घरधनिणीची खरी परीक्षा साठवणीत होती. गहू दळून आणावा, घराबाहेरच्या मातीच्या भट्टीत पावरोटी भाजावी, वाटाणे वाळवून ठेवावे, शरद ऋतूत नदीतील वाम माशांचे तुकडे मिठात घालून पिंपे भरावी, चरबीच्या मेणबत्त्या कराव्या, थंडी पक्की पडली की जनावर मारून मांस गोठवून ठेवावे. पेरणी-कापणीच्या वेळी नवऱ्याबरोबर शेतात. एरवी भाजीचा मळा, कोंबड्या, गाय आणि पाळण्यातले मूल. आपल्या वसईच्या वाडीत जिने केळीची लागण, पानवेलीची निगा आणि पहाटेची फुलांची तोड संसाराबरोबर सांभाळली आहे, तिला ह्यातले वर्म समजावून सांगण्याची गरज नाही. पिके निराळी, ऋतू निराळे. पण शेतकऱ्याच्या बायकोचा दिवस सर्व देशांत सूर्यापूर्वी उगवतो आणि सूर्यानंतर मावळतो.

ही विद्या त्यांना कोणी दिली? पुस्तकांनी नव्हे, बहुतेकींस वाचता येत नव्हते. ती मिळाली धर्मभगिनींकडून आणि शेजारणींकडून. शेते अरुंद असल्यामुळे घरे नदीकाठी एका रांगेत येत. हाक मारली तर शेजारीण ऐकेल इतक्या अंतरावर. जी दोन हिवाळे काढून बसली होती ती नवीस शिकवी, आणि ती नवी दोन वर्षांनी दुसरीस. आणखी एक गुरू होता, त्याचे नाव कृतज्ञतेने घेतले पाहिजे. तो म्हणजे त्या भूमीचे मूळ रहिवासी. मका आणि भोपळ्याची लागवड, बर्फावर चालावयाचे जाळीचे जोडे, हे सारे फ्रेंचांनी त्यांच्याकडूनच उचलले. ज्या देशाला ह्या मुली नवा देश म्हणत होत्या, तो दुसऱ्या लोकांचा फार जुना देश होता. पुढे त्या लोकांच्या वाट्यास रोग, युद्धे आणि भूमीचा वियोग आला. आपल्या लेकींच्या कौतुकात हे सत्य झाकून ठेवणे ख्रिस्ती मनुष्यास शोभत नाही.

भाषेचाही प्रश्न होता. फ्रान्समधील प्रत्येक प्रांताची बोली निराळी. नवरा एका बोलीचा, बायको दुसऱ्या बोलीची असे पुष्कळदा होई. सामवेदी घरातली मुलगी वाडवळी घरात आली की पहिले काही दिवस तिच्या शब्दांना मुले हसतात, हे आपण पाहिलेले आहे. तिकडे परिणाम असा झाला की, पॅरिसकडील मुलींची भाषा घराघरांत बोलली जाऊ लागली, आणि तेथे सर्वांची एक फ्रेंच भाषा लवकर रुजण्यास ह्या स्त्रियांचा हातभार लागला, असे भाषेचे अभ्यासक मानतात. सासरची बोली सून शिकते हे खरे. पण पाळण्यातले मूल आईचीच बोली आधी ऐकते, हेही तितकेच खरे.

कायद्याचाही त्यांस आधार होता. इ.स. १६६४ पासून तेथे पॅरिसचा रिवाज हा कायदा लागू झाला. त्याप्रमाणे लग्नानंतर पतिपत्नींनी मिळविलेली मालमत्ता दोघांच्या सामाईक मालकीची समजत, आणि नवरा वारला तर तिचा अर्धा भाग विधवेचा असे. जिने जंगल हटवून शेत केले तिला त्या शेतावरून कोणी हात धरून काढू शकत नव्हते. परक्या घरास मुलगी आपले घर केव्हा म्हणू लागते, ह्याचे एक उत्तर येथे आहे. जेव्हा ते खरोखरीच तिचे असते तेव्हा.

अशा रीतीने ह्या ७७० पैकी ७३७ जणींचे विवाह त्या देशात झाले. काही थोड्या परत गेल्या. त्यांस आम्ही दुर्बल म्हणणार नाही, कारण प्रत्येक रोप प्रत्येक मातीत लागत नाही. पुष्कळींनी मुले पुरली, पुष्कळींनी नवरे पुरले आणि पुन्हा घर मांडले. इ.स. १६८१ च्या शिरगणतीत त्या वसाहतीची लोकसंख्या साडेनऊ हजारांच्या वर गेलेली दिसते. आज क्वेबेक प्रांतातील फ्रेंच भाषिक कुटुंबांपैकी बहुतेकांची वंशावळ कोठे ना कोठे ह्या लेकींपर्यंत जाऊन पोहोचते.

परंतु बंधुभगिनींनो, एवढे करूनही त्यांच्या वाट्यास काय आले ते ऐका. लाओंताँ नावाच्या एका सरदाराने इ.स. १७०३ मध्ये आपल्या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्यात ह्या स्त्रियांच्या शीलाविषयी हलकट थट्टा केली. हे गृहस्थ त्या देशात इ.स. १६८३ मध्ये आले होते, म्हणजे राजाच्या लेकींचा शेवटचा मेळा येऊन दहा वर्षे लोटल्यावर. त्यांनी त्या मुलींचे आगमन डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. परंतु चटकदार खोट्यास पाय फुटतात. कित्येक पिढ्या लोक तीच गोष्ट सांगत राहिले. दूर देशाहून एकटी आलेली, आईबाप नसलेली मुलगी. तिच्याविषयी काहीही बोलावे, तिची बाजू घेण्यास कोण उभे राहणार?

उभी राहिली ती देवळाची वही. स्नानसंस्कार, विवाह आणि दफन ह्यांच्या नोंदी त्या देशातील धर्मगुरूंनी पहिल्यापासून काळजीने ठेविल्या होत्या. माँट्रिआल विद्यापीठातील संशोधकांनी विसाव्या शतकात त्या वह्या एकत्र करून घराघराचा इतिहास जुळविला, आणि इव्ह लांद्री ह्या इतिहासकाराने त्यांच्या आधारे राजाच्या लेकींवरचा आपला ग्रंथ इ.स. १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. सरदाराच्या निंदेला त्या नोंदींत आधार सापडला नाही. सापडल्या त्या गरीब, कष्टाळू, बहुतांशी अनाथ मुली. वेळेवर झालेली लग्ने आणि त्यांच्या मुलांचे स्नानसंस्कार. तीनशे वर्षांपूर्वी एखाद्या पाद्रीबाबांनी थंडीने बधिर झालेल्या बोटांनी लिहिलेली एक ओळ एका स्त्रीचे नाव धुऊन काढते, हे पाहून आमचे मन भरून आले. आपल्या देवळातही अशा वह्या आहेत. ज्युबिलीच्या दिवशी त्या केवळ कौतुकाने चाळू नका. त्यांतील प्रत्येक नववधूच्या नावामागे एक सोडलेले गाव आहे.

ह्या सर्व हकीकतीवरून घ्यावयाचा बोध आम्ही थोडक्यात सांगतो. नव्या भूमीत आलेल्या मुलीस चार गोष्टी लागतात. पहिली, दार: जेथे ती आपल्या हक्काने जाऊन बसू शकेल असे एक तरी घर. दुसरी, वेळ: होकार द्यावयास वेळ, शिकावयास वेळ, चुकावयासही वेळ. तिसरी, हात: उपदेश करणारे तोंड नव्हे, तर बरोबर पीठ मळणारा हात. आणि चौथी, नाव: तिच्या पाठीमागे तिच्याविषयी वावगे बोलले गेले तर तेथल्या तेथे अडविणारा कोणी तरी. ह्यांपैकी एकही गोष्ट ती आपल्या पेटीत घालून आणू शकत नाही. त्या चारही देणाऱ्यांपाशीच असाव्या लागतात.

सांप्रत आपल्या कित्येक मुली विवाह करून आखाती देशांत, ऑस्ट्रेलियात, ह्याच कॅनडातही जातात. त्यांना निरोप देताना आपण डोळे पुसतो आणि मनात म्हणतो, देवा, तेथे हिला कोणी तरी आपले माणूस भेटू दे. ही प्रार्थना योग्य आहे. परंतु त्याच वेळी आपल्या गावी परजिल्ह्यांतून, परप्रांतांतून सुना येतात. त्यांच्याही आया कोठे तरी हीच प्रार्थना करीत असतील. त्या प्रार्थनेचे उत्तर देवाने कोणाच्या हातून द्यावे? रविवारच्या मिस्सानंतर देवळाच्या अंगणात आपण ओळखीच्यांचे कोंडाळे करून उभे राहतो, आणि एक नवी सून खांबाशी एकटी उभी असते. तिची भाषा आपल्याला येत नाही, म्हणून आपण हसून पुढे जातो. तिच्या हातचे कालवण निराळे लागले की "तुमच्याकडे असेच करतात वाटते" असे म्हणतो. मोठा छळ कोणी करीत नाही. परंतु लहान लहान परकेपणानेच माणूस थिजतो. कॅनडाच्या हिवाळ्याहून ही थंडी कडक असते, कारण हिच्यासाठी लाकडे तोडून ठेविता येत नाहीत.

म्हणून आमची भगिनीवर्गास नम्र सूचना अशी आहे. ह्या ज्युबिलीचे स्मारक म्हणून दगडाचे काही उभारले जाईल तर त्यात आनंदच आहे. परंतु त्याबरोबर एक संकल्पही उभारावा. धर्मग्रामात जी नवी सून येईल, तिच्या घरी आपल्यापैकी दोघीजणींनी पहिल्या महिन्यात जावे. रिकाम्या हाताने नव्हे आणि उपदेश घेऊनही नव्हे. तिचे माहेरचे नाव विचारावे. तिच्या आईची एखादी पाककृती शिकून यावी. पहिल्या बाळंतपणात तिच्याजवळ बसावे. सासूबाईंनीही हे ध्यानात ठेवावे की, रूथेची कथा नामीवाचून पुरी होत नाही. शेतात जावे की नाही, कोणाच्या शेतात जावे, बवाजाशी कसे बोलावे, हे सारे नामीने रूथेस सांगितले. आणि रूथेस मूल झाले तेव्हा ते नामीच्या मांडीवर वाढले.

संत मार्गरीत बुर्ज्वा इ.स. १७०० च्या जानेवारीत देवाघरी गेल्या. इ.स. १९८२ मध्ये पोप महाराज जॉन पॉल दुसरे ह्यांनी त्यांस संतपद दिले. कॅनडाच्या भूमीवर कार्य केलेल्या स्त्रियांपैकी हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या होत. त्यांनी नवलाचे असे काय केले, असा प्रश्न कोणी विचारील. त्या नदीकाठी उभ्या राहिल्या, मुलींस घरी घेऊन आल्या आणि त्यांच्याबरोबर राहिल्या. एवढे तर आपणांपैकी प्रत्येकीस करता येईल. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू येशूची वंशावळ दिली आहे, तीत परदेशी रूथेचे नाव आहे. बेथलेहेमच्या लोकांनी शेताची कड राखली नसती, तर त्या वंशावळीत ते नाव आले असते काय, ह्याचा प्रत्येकाने आपल्या मनाशी विचार करावा.

धन्य कुमारी मरिया, जी स्वतः मिसर देशात परदेशी होऊन राहिली, ती आपल्या दूर गेलेल्या लेकींचे रक्षण करो, आणि आपल्या दारी आलेल्या लेकींसाठी आपली दारे उघडी ठेवण्याची बुद्धी आपणांस देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.